काळ्या सदऱ्याचा मान

ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात मका माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो. लिंकन शहरात राज्याच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा सराव ऐन भरात असतो, पहिला सामना दोन-तीन आठवड्यांवर आलेला असतो, आणि गावोगावी एक चौकशी चाललेली असते: यंदा काळे सदरे कोणाकोणाला मिळाले?

नवा मोसम तोंडावर आला की आक्रमणाची चर्चा सगळ्याच विद्यापीठांत होते. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक कोण, धावणारे गडी किती चपळ, यावर पैजा लागतात. बचावाच्या वाट्याला सहसा दोन ओळी येतात. नेब्रास्कात तसं नाही. तिथे बचावाच्या पहिल्या फळीला स्वतःचं नाव आहे, ‘ब्लॅकशर्ट्स’, आणि ते नाव सरावात घालायच्या एका काळ्या जर्सीवरून पडलं आहे. सामन्याच्या दिवशी संघ एरवी लाल किंवा पांढऱ्या जर्सीत उतरतो, म्हणजे ८५ हजारांवर माणसांनी भरलेल्या स्टेडियमला हा मानाचा कपडा सहसा दिसतही नाही. तो दिसतो सरावाच्या मैदानावर, सोबत्यांना आणि प्रशिक्षकांना. नाव ऐकून मुसोलिनीच्या काळे सदरेवाल्यांची आठवण होईल, पण त्या इतिहासाशी या सदऱ्याचं काही नातं नाही. हा सदरा आला तो स्वस्त मिळाला म्हणून.

ती गोष्ट समजायची तर आधी एक नियम समजून घ्यायला हवा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा विरुद्ध अकरा गडी खेळतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू जातो. समोरच्या अकरांनी त्यांना रोखायचं, आडवं पाडायचं, जमलं तर चेंडूच हिसकावायचा. आजचा सामना पाहणाऱ्या नवख्याला नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. चेंडूचा ताबा बदलला की मैदानावरचे अकराच्या अकरा गडी बाहेर जातात आणि त्याच संघाचे दुसरेच अकरा आत येतात. आक्रमणाचे वेगळे, बचावाचे वेगळे. दोघांचे प्रशिक्षक वेगळे, सराव वेगळा, बैठका वेगळ्या. बचावातला गडी चार वर्षं खेळून पदवी घेऊन जातो आणि एकदाही चेंडू घेऊन ठरवून धावलेला नसतो.

पूर्वी हे असं नव्हतं. बदली खेळाडूंवर कडक बंधनं होती. एकदा बाहेर गेलेल्याला लगेच परत येता येत नसे. त्यामुळे तेच अकरा जण आक्रमणही करायचे आणि बचावही. १९३८ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संघाने आणि १९३९ मध्ये टेनेसीच्या संघाने नियमित मोसमात प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण करू दिला नाही. दोघेही शेवटी कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाकडून हरले, ड्यूक ७–३ ने आणि टेनेसी १४–० ने. असा अभेद्य बचाव करणाऱ्या त्या संघांत ‘बचावपटू’ नावाचा वेगळा माणूसच नव्हता, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. बचाव हे सगळ्यांचं निम्मं काम होतं. निम्म्या कामाला वेगळं नाव कोण देणार, आणि वेगळा कपडा कशाला?

दुसऱ्या महायुद्धाने ही घडी विस्कटली. १९४१ मध्ये बदली खेळाडूंचा नियम सैल केला गेला, आणि तरणी पोरं सैन्यात जाऊ लागली. १९४५ मध्ये मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर यांची गाठ त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य संघाशी, म्हणजे लष्करी अकादमीच्या आर्मी संघाशी पडली. क्रायस्लर यांच्याकडे बरीचशी कोवळी, पहिल्या वर्षाची मुलं होती. ती दोन्हीकडे खेळून दमून जाणार हे ओळखून त्यांनी संघाचे दोन तुकडे केले, एक फक्त आक्रमणाला आणि एक फक्त बचावाला. मिशिगन २८–७ असं हरलं, पण बराच वेळ त्यांनी आर्मीला झुंजवलं. ही युक्ती नजरेत भरली आणि थोड्याच वर्षांत सगळीकडे पसरली, आर्मीतही. पुढे १९५३ मध्ये नियम पुन्हा आवळला गेला. दोन-दोन ताफे पोसणं लहान कॉलेजांना परवडत नव्हतं, हे एक मोठं कारण. पुन्हा तेच अकरा गडी, दोन्हीकडे. १९६४ मध्ये बंधनं बरीच ढिली झाली, आणि दोन वेगळ्या फळ्यांचा खेळ परत आला तो कायमचा.

त्या वेळी नेब्रास्कात बॉब डेव्हनी हे मुख्य प्रशिक्षक होते. मिशिगन राज्यात त्यांनी अनेक वर्षं शाळकरी संघ घडवले होते, मग वायोमिंग विद्यापीठ सांभाळलं होतं. १९६२ मध्ये ते लिंकनला आले तेव्हा संघाला हरण्याची सवय लागली होती. पहिल्याच वर्षी त्यांनी नऊ सामने जिंकून दिले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मेमोरियल स्टेडियम पूर्ण भरलं, आणि त्या दिवसापासून लिंकनमधल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली आहेत. ती साखळी साठ वर्षांनंतरही तुटलेली नाही. ज्या राज्यात एकही मोठा व्यावसायिक संघ नाही, तिथे विद्यापीठाचा संघ हाच सगळ्यांचा संघ असतो. सामन्याच्या दिवशी हे स्टेडियम राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं ‘शहर’ होतं, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात, आणि लोकसंख्येचा हिशेब केला तर ते खरंच आहे.

१९६४ च्या नव्या नियमाने सरावात एक साधी अडचण उभी केली. आता आक्रमणाची फळी वेगळी आणि बचावाची वेगळी, पण दोघी समोरासमोर आल्या की कोण कुठला हे कळायचं कसं? वरून चढवता येतील असे वेगळ्या रंगाचे सदरे हवे होते. सहायक प्रशिक्षक माइक कॉर्गन यांना क्रीडासाहित्याच्या दुकानात पाठवलं गेलं. दुकानदाराकडे काळे सदरे पडून होते, त्यांना गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्याने ते कमी भावात दिले. लिंकनमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी हकिगत ही अशी आहे. विद्यापीठाचे रंग लाल आणि साईसारखा पांढरा. त्यांत काळा कुठेच नाही. काळा आला तो निव्वळ काटकसरीने.

बचावाचे प्रशिक्षक जॉर्ज केली आपल्या पोरांना ‘ब्लॅकशर्ट्स’ म्हणून हाका मारू लागले आणि ते नाव चिकटलं. पण नाव चिकटण्याआधी एक वेगळी रीत पडली होती, आणि खरी मौल्यवान गोष्ट तीच. सुरुवातीला हे सदरे कोणाच्या मालकीचे नव्हते. आज चांगला सराव केला तर उद्या काळा सदरा, ढिलाई दाखवली तर तो दुसऱ्याच्या अंगावर. सराव संपला की सदरे गोळा होऊन धुवायला जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटप. अंगावरचा घामेजलेला कपडा उतरवून परत करताना उद्या तो आपल्यालाच मिळेल याची खात्री कोणालाच नसे. बक्षीस म्हणून दिलेली ढाल कपाटात जाऊन बसते, तिच्यावर धूळ साचते. हा सदरा मात्र रोज कमवावा लागे.

संघालाही दिवस चांगले आले. १९६४ मध्ये नेब्रास्काने ओळीने नऊ सामने जिंकले आणि दहावा ओक्लाहोमाकडून गमावला. पुढच्या वर्षी नियमित मोसमात एकही हार नव्हती. त्याच काळात वेन मेलन नावाचा मिडल गार्ड पुढे आला आणि १९६६ व १९६७ अशी सलग दोन वर्षं देशातल्या सर्वोत्तम अकरांत निवडला गेला. मिडल गार्ड म्हणजे बचावाच्या अगदी मधोमध, चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या नाकासमोर उभा राहणारा गडी. फुटबॉलमधली ही सर्वांत कष्टाची जागा. दर खेपेला दोन-दोन, कधी तीन जण अंगावर येतात, आणि दूरदर्शनच्या पडद्यावर ढिगाऱ्याखाली कोण आहे तेही दिसत नाही.

त्याच जागेवर पुढे रिच ग्लोव्हर आला, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीचा. वजनदार गड्यांच्या मानाने अंगाने फार मोठा नव्हता, पण पाय फार चलाख. २५ नोव्हेंबर १९७१ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी, ओक्लाहोमातल्या नॉर्मन शहरात नेब्रास्का आणि ओक्लाहोमा भिडले. पहिल्या क्रमांकाचा संघ विरुद्ध दुसऱ्या क्रमांकाचा. ओक्लाहोमाची ‘विशबोन’ नावाची धावरचना त्या मोसमात सामन्याला सरासरी ४७२ यार्ड धावत होती. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढं त्याआधी कोणी धावलं नव्हतं. ग्लोव्हरसमोर होता टॉम ब्राहाने, देशातल्या सर्वोत्तम सेंटरांपैकी एक. दुपारभर तो ग्लोव्हरला हलवू पाहत राहिला. ग्लोव्हरने त्या दिवशी २२ टॅकल केले. मधोमध खेळणाऱ्या माणसाने २२ वेळा चेंडूवाल्यापर्यंत पोचावं, हे आजही अचंबित करणारं आहे. ओक्लाहोमाचा सर्वांत घातक धावपटू ग्रेग प्रूट दिवसभरात जेमतेम ५३ यार्ड धावला.

पण हा सामना बचावाने एकतर्फी जिंकला असं सांगणं खोटं ठरेल. नेब्रास्का ३५–३१ असं जिंकलं, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम समजल्या जाणाऱ्या बचावाने ३१ गुण दिले. मधली दारं बंद झाल्यावर ओक्लाहोमाच्या जॅक मिल्ड्रेनने चेंडू हवेतून फेकून वाट काढली होती. शेवटचा घास मात्र काळ्या सदऱ्यांनीच अडवला. नेब्रास्काच्या जेफ किनीने अखेरचा टचडाउन केला तेव्हा दीड मिनिटाच्या आसपास वेळ उरला होता. ओक्लाहोमाकडे चेंडू आला. तिसऱ्या प्रयत्नात लॅरी जेकबसनने मिल्ड्रेनला मागेच आडवं केलं. चौथ्या प्रयत्नात मिल्ड्रेनने चेंडू फेकला आणि मधून ग्लोव्हरचा हात वर गेला. चेंडू जमिनीवर पडला, सामना संपला. जेकबसनला त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनमनचं, म्हणजे अगदी पुढच्या ओळीतल्या गड्याचं, आउटलँड पारितोषिक मिळालं, पुढच्या वर्षी तेच ग्लोव्हरला. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला दिल्या जाणाऱ्या हाइजमन पारितोषिकाच्या १९७२ च्या मतदानात ग्लोव्हर तिसरा आला. हा मान बहुतेक चेंडू घेऊन धावणाऱ्यांना किंवा फेकणाऱ्यांनाच मिळतो, हे माहीत असलेल्यांना त्या तिसऱ्या क्रमांकाचं मोल कळेल. नेब्रास्काने १९७० आणि १९७१ असं दोन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद राखलं.

१९७३ मध्ये डेव्हनींच्या जागी टॉम ऑस्बर्न आले. त्यांच्या पंचवीस वर्षांत बचावाची सूत्रं सर्वांत जास्त काळ चार्ली मॅकब्राइड यांच्या हाती राहिली, आणि ऑस्बर्न यांच्यानंतरही १९९९ पर्यंत. काळ्या सदऱ्याचा दरारा त्यांच्या काळात सर्वांत वाढला, आणि तो सदरा अपुरा ठरल्याचे दिवसही त्यांनीच पाहिले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून नेब्रास्का मोसमभर आपल्या भागात जिंकायचं आणि नववर्षाच्या सुमाराला मोसमाअखेरच्या बोल सामन्यात हरायचं. सलग सात वर्षं हे झालं. बहुतेक वेळा समोर फ्लोरिडातले संघ असायचे. मायामी किंवा फ्लोरिडा स्टेटचे गडी वजनाने हलके होते, पण नेब्रास्काचे धिप्पाड गडी वळेपर्यंत ते निघून गेलेले असत.

मॅकब्राइड यांनी मग घरच बदललं. पुढे पाच गडी रोवणारी जुनी रचना सोडून चार लाइनमन आणि त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर अशी रचना धरली. मागे खेळणारे चपळ सेफ्टी पुढे आणून लाइनबॅकर केले, लाइनबॅकर आणखी पुढे आणून कडेचे लाइनमन केले. प्रत्येक जागेवर थोडं वजन गेलं आणि बराच वेग आला. सांगायला हे सोपं आहे. पण तीस वर्षं ज्या रचनेच्या जोरावर सदऱ्याचा मान टिकला ती मोडायला छाती लागते, आणि ती मॅकब्राइड यांनी दाखवली. १ जानेवारी १९९४ च्या ऑरेंज बोलमध्ये फ्लोरिडा स्टेटविरुद्ध संघ १८–१६ असा हरला, तरी बदल दिसत होता. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर मायामीला २४–१७ ने हरवून नेब्रास्काने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

त्याच्या पुढच्या वर्षीचा फिएस्टा बोल सामना तर बचावाच्या अभ्यासकांनी जपून ठेवावा असा आहे. २ जानेवारी १९९६. समोर फ्लोरिडा विद्यापीठ, प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर, क्वार्टरबॅक डॅनी वर्फेल, आणि हवेतून चेंडू फेकण्याचा असा खेळ की त्याला उतारा नाही असं म्हटलं जायचं. पहिल्या सत्राअखेर फ्लोरिडा पुढे होतं. दुसऱ्या सत्रात काळे सदरेवाले वर्फेलवर तुटून पडले. जमेल विल्यम्सने त्याला त्याच्याच गोलक्षेत्रात आडवं करून दोन गुण मिळवले. मायकल बुकरने चेंडू मधेच पकडला आणि ४२ यार्ड धावत थेट टचडाउन केला. अंतिम गुण ६२–२४. फ्लोरिडाच्या धावांचा हिशेब झाला उणे २८ यार्ड. म्हणजे दिवसभर धावून ते जिथे उभे होते त्याच्याही मागे गेले.

सदऱ्याचे वाईट दिवस मागून आले. ते वगळून हा इतिहास सांगता येणार नाही. ३ नोव्हेंबर २००७ रोजी कॅन्ससने नेब्रास्कावर ७६ गुण चढवले. विद्यापीठाच्या इतिहासात एका सामन्यात एवढे गुण कोणीच दिले नव्हते. सदरे होते, पण अंगावर असूनही नसल्यासारखे. पुढच्या वर्षी मुख्य प्रशिक्षक म्हणून बो पेलिनी आले आणि त्यांनी मोसम सुरू होताना सदरे वाटलेच नाहीत. खेळून दाखवा, मग मिळतील. मोसम बराच पुढे सरकेपर्यंत ते कपाटातच राहिले. रीत मोडल्याची कुरबुर झाली असेल, पण खरं तर पेलिनी यांनी मूळ रीतच परत आणली होती. पडून राहिलेला स्वस्त कपडा मानाचा झाला, कारण तो रोखून धरता येतो.

त्यांच्याच हाताखाली एन्डामुकोंग सू घडला. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडचा मुलगा. वडील कॅमेरूनचे, आई जमैकाची. त्याच्या नावाचा अर्थ ‘भाल्यांचं घर’. २००९ मध्ये नेब्रास्काने सामन्याला सरासरी साडेदहाच्या आतच गुण दिले, देशात सर्वांत कमी. ५ डिसेंबरला टेक्ससविरुद्ध विभागीय अंतिम सामना होता. सूने एकट्याने १२ टॅकल केले आणि क्वार्टरबॅक कोल्ट मॅकॉयला साडेचार वेळा मागेच पाडलं. अर्धा अशासाठी की एका वेळी जोडीला सोबती होता. एकदा तर त्याने मॅकॉयला धरून गरकन फिरवून भिरकावून दिलं. नेब्रास्काच्या आक्रमणाला त्या रात्री सगळे मिळून १०६ यार्डच सरकता आलं, तरी अखेरच्या क्षणापर्यंत संघ १२–१० असा पुढे होता. मॅकॉयने चेंडू बाहेर फेकला, घड्याळ शून्यावर आलं, नेब्रास्काचे लोक मैदानात धावले. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि एक सेकंद परत दिला. त्या एका सेकंदात टेक्ससने ४६ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला. १३–१२.

सूला त्या वर्षी आउटलँड, लोम्बार्डी, नागुर्स्की, बेडनारिक अशी बचावाची जवळजवळ सगळी मोठी पारितोषिकं मिळाली आणि हाइजमनच्या मतदानात तो चौथा आला. व्यावसायिक संघात गेल्यावर त्याने विद्यापीठाला २६ लाख डॉलर दिले. त्यांतला एक भाग अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी होता. बांधकाम व्यवस्थापनाची पदवी त्याने इथूनच घेतली होती.

मग पुन्हा उतार लागला. २०१२ च्या विभागीय अंतिम सामन्यात विस्कॉन्सिन ५३९ यार्ड धावलं आणि ७०–३१ ने जिंकलं. दोन वर्षांनी त्याच विस्कॉन्सिनच्या मेल्विन गॉर्डनने एकट्याने ४०८ यार्ड धावून राष्ट्रीय विक्रम केला, तोही तीनच सत्रांत. चौथ्यात त्याला खेळवायची गरजच पडली नाही. आठवड्याभरात तो विक्रम ओक्लाहोमाच्या सेमाजे पेराइनने मोडला.

काळे सदरे कोणाला मिळणार, हा प्रत्येक ऑगस्टमधला अंदाज आता अवघड झाला आहे तो वेगळ्या कारणाने. पूर्वी गडी पहिल्या वर्षी यायचा, दोन-तीन वर्षं राखीव फळीत घाम गाळायचा आणि मग कधीतरी काळ्या सदऱ्यापर्यंत पोचायचा. बहुतेक नावं लोकांना तो पोचण्याआधीच पाठ असायची. २०२१ पासून खेळाडूला वर्ष न गमावता विद्यापीठ बदलता येतं, स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येतात. पोरांना त्यांच्या मेहनतीचा मोबदला मिळू लागला हे योग्यच झालं. पण जानेवारीत दुसरीकडून आलेला गडी ऑगस्टमध्ये काळा सदरा घालतो, तेव्हा त्याला जॉर्ज केली कोण हे कोणीतरी बसून सांगावं लागतं.

२०२३ मध्ये मॅट रूल मुख्य प्रशिक्षक झाले आणि बचावाचे प्रशिक्षक टोनी व्हाइट तीन लाइनमन, तीन लाइनबॅकर आणि मागे पाच गडी अशी रचना घेऊन आले. मोसमाआधी या हलक्या रचनेबद्दल शंका बऱ्याच होत्या. तीन लाइनमनवर थंडीतले जड संघ कसे रोखणार? त्यांनी रोखले. सामन्याला सरासरी वीसच्या आत गुण दिले. तरीही संघ पाच जिंकून सात हरला. शेवटचे चार सामने ओळीने गेले: मिशिगन स्टेटविरुद्ध २०–१७, मेरिलँडविरुद्ध १३–१०, विस्कॉन्सिनविरुद्ध जादा वेळेत २४–१७, आणि घरच्या मैदानावर आयोवाविरुद्ध पुन्हा १३–१०. मेरिलँड आणि आयोवा, दोघांनीही अगदी शेवटी चेंडू खांबांमधून मारून सामना नेला. दोन्ही वेळा काळे सदरेवाले समोरच्यांना तेरावरच थांबवून मैदानाच्या कडेला उभे होते.